पाळ कोण राखायचं? तलावाकाठच्या बिनपगारी कामाचा इतिहास

तामसी मंडलात वड्डाडीजवळ मत्तडिवागु नावाचा मध्यम पाटबंधारे प्रकल्प आहे. साडेआठ हजार एकर भिजवण्यासाठी बांधलेला. नाव आपण रोज घेतो, पण फोडून बघत नाही. वागु म्हणजे ओढा, हे आपल्याकडच्या मराठी माणसालाही ठाऊक असतं. मत्तडी म्हणजे तेलंगणाच्या बोलीत तलावाचा सांडवा. तलाव भरला की जादा पाणी जिथून पाळेला धक्का न लावता बाहेर पडतं ती जागा. पावसाळ्यात तेलुगू वर्तमानपत्रांत ‘मत्तडी दुंकतेय’ असे मथळे येतात. दुंकणं म्हणजे उडी मारणं. सांडव्यावरून पाणी उडी घेतं, आणि गाव ते बघायला जातं.

सांडवा आला की तो साफ ठेवणारं माणूस आलं. पाळ आली की तिच्यावरची झुडपं काढणारं माणूस आलं. इतिहासाच्या पुस्तकांत तलाव बांधणाऱ्या राजांची नावं मिळतात. काकतीयांचे पाखाल, रामप्पा, लक्नवरम हे तलाव तर सगळ्यांच्या तोंडी असतात. पण सातशे-आठशे वर्षं हे तलाव टिकले ते बांधणाऱ्यामुळे जितके, तितकेच दर वर्षी फावडं घेऊन पाळेवर जाणाऱ्यांमुळे. त्यांना कोणी पगार देत नव्हतं. मग ते का जायचे? या लेखात मी फक्त एवढ्याच प्रश्नामागे लागलो आहे.

हा प्रश्न मला आधी सुचला तो आपल्याकडचं वाचताना नाही. कॅनडात, ओंटारिओ प्रांतात, मस्कोका नावाची सरोवरं आहेत. शहरातल्या सुखवस्तू लोकांनी तिथं उन्हाळ्यापुरत्या राहायच्या बंगल्या बांधल्या, आणि १८९४ साली त्या घरमालकांनी एक संघटना काढली. ती आजही चालू आहे. सरोवराचं पाणी, मासे, पाण्याची पातळी, कचरा यांची काळजी हे लोक स्वतः वाहतात. सभासद होडीतून जाऊन पाण्याचे नमुने घेतात. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात १९७३पासून असे हौशी लोक सरोवरांत तबकडी सोडून पाणी किती नितळ आहे ते मोजतात. दोरीला बांधलेली साधी वीस सेंटिमीटरची तबकडी. ती दिसेनाशी झाली की दोरीची लांबी लिहायची, बस. आंजेलो सेकी या इटालियन पाद्र्यानं १८६५ साली ही युक्ती समुद्रावर वापरली, म्हणून तिला सेकीची तबकडी म्हणतात. इतकं स्वस्त आणि इतकं उपयोगी उपकरण अभियांत्रिकीत फार थोडं असेल.

मला त्यात रस वाटला तो एका कारणासाठी. हे लोक बिनपगारी राबतात, पण फुकट राबत नाहीत. पाणी बिघडलं तर त्यांच्याच घराची किंमत उतरते, त्यांचीच मुलं त्या पाण्यात पोहतात. घर काठावर आहे, म्हणून हात कामाला आहे. आपल्याकडे तलावाकाठी हौसेची घरं नव्हती. काठावर होती ती धानाची बांधी, कोळ्या-धिवरांची डोंगी आणि धुण्याचा दगड. तरी नियम तोच लागू पडतो का, ते बघायचं होतं.

आधी भूगोलाबद्दल दोन शब्द, नाहीतर तामसीचे वाचक म्हणतील, आपल्या गावात असे तलाव होते कुठं? बरोबर आहे. आदिलाबादच्या या उत्तर भागात काळी कापसाची जमीन आहे. कापूस आणि ज्वारी. काळी माती स्वतःच ओल धरून ठेवते. तिला तलावाचं पाणी पाजण्याची गरज कमी, आणि फार पाजलं तर ती चिबडते. तलावांची दाटी होते ती भाताच्या मुलखात, जिथं जमीन उंचसखल, खाली कठीण खडक, आणि पिकाला पाणी उभं लागतं. असा मुलूख आपल्या दोन्ही बाजूंना आहे. दक्षिणेला-पूर्वेला गोदावरीकडचा तेलंगणा, आणि ईशान्येला, पैनगंगा-वर्धा ओलांडली की चंद्रपूर-भंडाऱ्याची झाडीपट्टी. पैनगंगा ही निजामाच्या राज्याची आणि वऱ्हाडाची हद्द होती. आज ती दोन राज्यांची हद्द आहे. १९५६ साली किनवट आणि राजुरा हे आदिलाबादचे तालुके पलीकडे गेले. आपण अलीकडे राहिलो. तामसीच्या माणसाला दोन्हीकडचे नातेवाईक असतात, दोन्हीकडच्या भाषा कळतात, म्हणून दोन्हीकडचे तलाव शेजारी ठेवून बघणं त्याला सोपं पडतं.

आता प्रत्यक्ष काम. हे जरा सविस्तर सांगतो, कारण वारसाप्रेमी लेखनात नेमकं हेच गळतं.

मातीची पाळ पाण्याच्या नुसत्या वजनानं सहसा फुटत नाही. ती एकतर वरून पाणी गेल्यानं वाहून जाते, नाहीतर आतून पोखरली जाते. वरून पाणी जातं ते सांडवा तुंबल्यामुळे: झुडपं, वाहून आलेला पालापाचोळा, कोणीतरी दोन हात पाणी जास्त साठावं म्हणून सांडव्यावर रचलेले दगड. आतून पोखरली जाते ती उंदराच्या बिळानं, खेकड्याच्या भोकानं, किंवा पाळेवर उगवून मेलेल्या झाडाच्या कुजक्या मुळानं. पाण्याला अशी एक वाट मिळाली की ते पलीकडच्या अंगाला झिरपतं. झिरपणारं पाणी स्वच्छ आहे तोवर लक्ष ठेवायचं, एवढंच. ते गढूळ झालं की समजायचं, आतली माती निघाली. भोक मोठं होतं, मोठ्या भोकातून जास्त पाणी जातं, जास्त पाण्यानं आणखी माती जाते, आणि थोड्या तासांत खिंडार पडतं. अशा वेळी पलीकडून चिखल थापून भोक बुजवायला जाऊ नये. पाणी दुसरीकडून वाट काढतं. वाळू आणि गोटे टाकून पाणी जाऊ द्यायचं आणि माती तेवढी अडवायची. आमच्या पुस्तकांत याला गाळणीचं तत्त्व म्हणतात.

यावरून वर्षाचं कामाचं पत्रक आपोआप तयार होतं. मृगाच्या आधी पाळेवरची रोपटी मुळासकट उपटायची, बिळं फोडून मातीनं ठासायची, सांडवा मोकळा करायचा, तोटीचं दार नीट बसतं का बघायचं. पाऊस लागला की पाळेवर फेऱ्या, विशेषतः रात्री. गढूळ पाझर दिसला की हाका, आणि मग गावातला प्रत्येक धडधाकट माणूस पाट्या, पेंढा, पोती घेऊन हजर. पीक उभं असताना पाण्याची पाळी लावायची, शेवटच्या बांधीपर्यंत पाणी पोचतं का बघायचं. उन्हाळ्यात तलाव आटला की गाळ काढून शेतात टाकायचा. यातलं एकही काम अवघड नाही, पण एकही काम एका घराला पेलणारं नाही. शिवाय तलाव साखळीनं असतात. वरच्या गावाची पाळ रात्री फुटली तर ते पाणी खालच्या तलावात घुसतं आणि तीही पाळ जाते. म्हणजे वरच्या गावात कंदील घेऊन फिरणारा माणूस खालच्या गावाचीही झोप राखत असतो.

तेलंगणात हे काम कसं वाटलेलं होतं? तलाव बांधणाऱ्याला किंवा दुरुस्त करणाऱ्याला जमिनीचा अथवा उत्पन्नाचा हिस्सा द्यायचा, त्याला दशबंध म्हणत. मध्ययुगीन शिलालेखांत हा शब्द येतो. नावाप्रमाणे मूळ कल्पना दहाव्या हिश्श्याची. पुढे हिस्सा कमीजास्त झाला तरी मुद्दा कायम राहिला: तलावाची जबाबदारी आणि तलावाखालची जमीन एका गाठीत बांधलेली. त्याच्या खालच्या पायरीवर नीरडी. नीरु म्हणजे पाणी. तोटी उघडणं, लावणं, पाण्याची पाळी सांभाळणं, पाळेवर नजर ठेवणं हे त्याचं काम. मोबदला म्हणून इनामाचा तुकडा किंवा खळ्यावर प्रत्येक शेतकऱ्याकडून धान्य. मराठी वाचकाला हे वेगळं समजावून सांगायला नको, आपलं बलुतंच ते. बहुतेक ठिकाणी नीरडी दलित समाजातला असे. ज्याच्या हातात सगळ्या गावाचं पाणी होतं, त्याला गावातल्या विहिरीवर पाणी भरायला मज्जाव असायचा. तलाव-संस्कृतीचं कौतुक करताना हे वाक्य गाळू नये असं मला वाटतं.

पाळेला तेलुगूत कट्टा म्हणतात, आणि कट्ट्यावर कट्टा मैसम्मेचं ठाणं असतं. पाळ राखणारी देवी. बोनम, कोंबडं, नवस सगळं तिला. मग येते बतकम्मा. भाद्रपद अमावास्येपासून नऊ दिवस बायका तरवडाची, गुनुग्याची फुलं थरावर थर रचतात, भोवती फेर धरतात, आणि शेवटच्या दिवशी गावच्या तलावात ती फुलांची रास सोडतात. पावसाळा नुकताच उलटलेला, तलाव काठोकाठ. मला यात अभियंत्याचा डोळा घालायचा मोह होतो. वर्षातल्या सर्वांत जोखमीच्या पातळीला गावातल्या झाडून सगळ्या बायका पाळेवर जमतात. कुठं पाळ खचली, कुठं ओल आली, कुठं घाट मोडला, हे इतक्या डोळ्यांना दिसल्याशिवाय राहील का? सण त्यासाठी निर्माण झाला असं माझं म्हणणं नाही. पण सणामुळे पाळ स्वच्छ करावी लागते, घाट मोकळा करावा लागतो, हे कोणत्याही गावात आजही दिसतं.

एक गोष्ट मात्र स्पष्ट केली पाहिजे. गावानं एकत्र राबणं आणि गावाला राबवून घेणं यात फरक आहे, आणि जुन्या हैदराबाद राज्यात दुसरा प्रकार भरपूर होता. वेट्टी, म्हणजे आपली वेठबिगार. देशमुख, जहागीरदार, दौऱ्यावर आलेला अंमलदार यांच्यासाठी ठरावीक जातींनी फुकट राबायचं. १९३० साली जोगीपेठला आंध्र महासभेचं पहिलं अधिवेशन झालं, सुरवरम प्रताप रेड्डी अध्यक्ष होते. वेट्टीविरुद्धचा आवाज त्या चळवळीनं वाढवत नेला आणि १९४६ ते १९५१च्या तेलंगणा लढ्यात तो मुख्य मुद्द्यांपैकी एक झाला. तेव्हा एखाद्या जुन्या पाळेकडे बोट दाखवून ‘बघा, आपल्या पूर्वजांचं श्रमदान’ असं म्हणण्याआधी थांबावं. कोणाच्या पाठीवर पाट्या होत्या, आणि पाणी कोणाच्या शेतात गेलं, हे दोन प्रश्न विचारावेत. दोन्हींचं उत्तर एकच माणूस असेल तर ते सहकार्य. नसेल तर दुसरं काहीतरी.

हीच कसोटी घेऊन पलीकडे, झाडीपट्टीत जाऊ.

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या भागात आजही हजारो जुने तलाव आहेत. सरकारी भाषेत माजी मालगुजारी तलाव, लोकांच्या तोंडी मामा तलाव. लहान असेल तर बोडी. यांतले कितीतरी कोहळी समाजानं बांधले. परंपरा सांगते की गोंड राजानं असा कौल दिला: जो तलाव बांधील, त्याच्या पाण्याखाली येईल तेवढी जमीन त्याची. रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांनी १९१६ साली मध्य प्रांतातल्या जातीजमातींवर जो चार खंडांचा ग्रंथ छापला, त्यात कोहळ्यांच्या तलाव बांधण्याच्या कसबाची आवर्जून नोंद आहे. कोणतंही मोजयंत्र नसताना जागा आणि पातळी अचूक हेरण्याची त्यांची हातोटी इंग्रज अधिकाऱ्यांना चक्रावून टाकायची. दोन टेकड्यांमधली अरुंद जागा धरायची, कमीत कमी मातीत जास्तीत जास्त पाणी अडवायचं, आणि वरच्या तलावाचा पाझर खालच्या तलावात यावा अशी साखळी लावायची. आज आम्ही हे नकाशावर समोच्च रेषा बघून करतो.

या सगळ्यांत मोठा नवेगाव बांध. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यानं बांधलेला. चहूबाजूंनी डोंगर आणि मधल्या खिंडी पाळ घालून बुजवलेल्या. पुढे १९७५ साली त्याच्या भोवतीच्या जंगलाचं राष्ट्रीय उद्यान झालं. कोलू पाटलाचा लोकांनी देव केला, कोलासुर देव. त्याचं ठाणं तलावाकाठच्या एका शिखरावर आहे. बाकीची सात शिखरं म्हणजे सातबहिणी. कथा अशी, की दिवसा मजूर काम करून घरी गेले की रात्री या सातजणी यायच्या आणि पाळेवर माती टाकायच्या. डोंगरावर काही फिकट पिवळे दगड आहेत, त्या त्यांच्या मातीच्या पाट्या.

मराठी माणसाला इथं साती आसरा आठवणारच. पाण्याच्या प्रत्येक जागी सात दगड, शेंदूर, हिरवा चुडा. पण नवेगावच्या सातजणींचं वेगळेपण मला त्यांच्या पाट्यांत वाटतं. आसरा पाण्यात ओढून नेणाऱ्या. या मात्र माती वाहणाऱ्या. एवढं मोठं काम एका पाटलाच्या मजुरीवर पुरं झालं असेल यावर लोकांचाही विश्वास बसत नसावा. उरलेलं काम कोणी केलं? रात्री, हिशेबात न येता, बायकांनी. दंतकथेला मी पुरावा मानत नाही. पण कोणाच्या श्रमाची नोंद वहीत झाली नाही, हे दंतकथा कधी कधी अचूक सांगून जाते.

इंग्रजी अमलात, १८६०च्या दशकातल्या जमाबंदीनंतर, मालगुजार गावाचा मालक झाला. तलाव त्याच्या नावावर. पण गावाचे हक्कही कागदावर आले. वाजिब-उल-अर्ज नावाचं गावरिवाजाचं दप्तर असे. पाणी कोणी, कसं घ्यायचं, निस्तार काय, हे त्यात नोंदलं जाई. मालगुजार स्वतः मोठा धानकरी असल्यानं तलाव फुटला तर सर्वांत जास्त नुकसान त्याचंच. त्यामुळे तो माणसं कामाला लावायचा. त्यात सक्ती नव्हती असं कोण म्हणेल? पण ज्या शेतकऱ्याच्या बांधीत पाणी यायचं तोही पाळेवर यायचा, आणि पाणी सोडणाऱ्याला खळ्यावर धान मिळायचं. धिवरांना मासे, शिंगाडा, कमळकंद. उन्हाळ्यात आटत्या तलावात गावानं मिळून मासे धरायचे, तो तर उत्सवच. काठावरच्या प्रत्येकाचं काहीतरी पाण्यात अडकलेलं होतं. तोटीला झाडीपट्टीत तुडुम म्हणतात, तेलुगूत तूमु. दोन्ही शब्दांचं नातं भाषेच्या अभ्यासकांनी तपासावं; मला ते शेजारी ठेवून बघायला आवडतं.

मग १९५० साली त्या वेळच्या मध्य प्रदेशानं मालकी हक्क निर्मूलनाचा कायदा केला आणि ३१ मार्च १९५१ रोजी मालगुजारी संपली. कायदा न्यायाचा होता, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. जमीन कसणाऱ्याला मिळाली पाहिजे होती. पण तलावाबाबतीत एक गाठ सुटली ती पुन्हा कोणी बांधली नाही. तलाव सरकारचा झाला. मालगुजाराला आता त्यात रस उरला नाही, आणि शेतकरी म्हणू लागला की सरकारचा तलाव आहे, सरकारनं दुरुस्त करावा. पाणीपट्टी द्यायची का, यावरून भांडणं झाली, कारण पाणी हा आपला निस्तार, असं गावाचं म्हणणं. १९६२ साली जिल्हा परिषदा आल्या आणि लहान तलाव त्यांच्याकडे गेले. पाळेवर बाभळी वाढल्या, सांडवे तुंबले, तलावाच्या पोटात बेशरम माजली. हजारो तलावांची बिळं बुजवायला खात्याकडे माणसं किती असणार? मी सरकारी खात्यांना उगाच दोष देत नाही. कोणत्याही खात्याला पाळेवर रात्री कंदील घेऊन फिरता येत नाही. अंदाजपत्रक, मंजुरी, निविदा या साखळीत सर्वांत झटपट काम म्हटलं तरी एक उन्हाळा जातो. गढूळ पाझराला एक रात्र पुरते.

अलीकडेही तेच झालं, फक्त वेगळ्या वाटेनं. गावची वंशपरंपरेची कामगिरी हळूहळू मोडत गेली. १९८४ साली आंध्र प्रदेशात पटेल-पटवारी पद्धत बंद झाली. तीही न्यायाचीच गोष्ट. नीरडी, मस्कूरी, सुंकरी यांसारखे गावनोकर पुढे महसूल खात्याचे ग्रामसहायक झाले. म्हणजे पगार सुरू झाला, जातीचा जाच कमी झाला, पण पाळेशी असलेला संबंध तुटला. ज्याचं वर्षाचं धान्य खळ्यावरून यायचं, त्याला शेवटच्या बांधीपर्यंत पाणी पोचवावंच लागायचं, कारण पाणी पोचलं नाही तर तो शेतकरी धान्य देणार नाही. सरकारी पगाराला अशी अट नसते.

आंध्र सरकारला हे कळलं नव्हतं असं नाही. १९९७ साली शेतकऱ्यांच्या हाती सिंचनाचा कारभार देणारा कायदा झाला. त्याच वर्षी दहा हजारांहून अधिक पाणीवापर संघांच्या निवडणुका झाल्या. आपला जिल्हाही त्यात होता. महाराष्ट्रानं असाच कायदा २००५ साली केला. कागदावर हे दोन्ही कायदे उत्तम आहेत. पण संघाला पाण्यावर, पाणीपट्टीवर, दुरुस्तीच्या पैशावर खरा ताबा किती मिळाला, यावर सगळं अवलंबून होतं. निवडून आलेला अध्यक्ष जर दुरुस्तीचा ठेकेदार होऊन बसला, तर गाव फावडं घेऊन येत नाही. गाव बघत बसतं.

याउलट मिशन काकतीयमधली एक गोष्ट बघण्यासारखी आहे. मार्च २०१५मध्ये तेलंगणा सरकारनं ही योजना सुरू केली. राज्यातल्या सुमारे ४६,००० तलावांचं पुनरुज्जीवन हे लक्ष्य. गाळ उपसण्याचा खर्च सरकारचा, पण उपसलेला गाळ शेतात न्यायचा खर्च शेतकऱ्याचा. आणि शेतकऱ्यांनी तो नेला. पदरचे पैसे घालून, ट्रॅक्टर लावून नेला. तलावाचा गाळ म्हणजे वरच्या रानाची वाहून आलेली सुपीक माती. ती टाकली की खताचा खर्च वाचतो आणि हलकी जमीन ओल धरते. कोणाला आवाहन करावं लागलं नाही, कोणाच्या गळ्यात हार पडला नाही. कामाच्या टोकाला वाटा होता. योजनेत पाळ आणि सांडवा मात्र ठेकेदारानं दुरुस्त केले, तिथं गावाचा हात लागला नाही. पुढच्या देखभालीचा प्रश्न तिथंच अडतो.

झाडीपट्टीत आणखी एक प्रयोग झाला, तो आकारानं लहान पण मला जास्त महत्त्वाचा वाटतो. भंडाऱ्याच्या ‘फीड’ या संस्थेच्या मनीष राजनकर यांनी गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगाव भागात धिवर समाजाच्या मासेमारी संस्थांबरोबर काम केलं. तलावांत पाणी होतं, पण देशी मासे कमी होत चालले होते. रोहू, कटला यांची बीजं टाकली जात होती, बेशरमीनं तळ झाकला होता, आणि माशांना खायला-लपायला लागणाऱ्या पाणवनस्पती नाहीशा झाल्या होत्या. कोणत्या वनस्पतीखाली कोणता मासा अंडी घालतो, हे धिवर म्हाताऱ्यांना ठाऊक होतं. पुस्तकात ते नव्हतं. मग उन्हाळ्यात बेशरम उपटली गेली, तलावाच्या पोटात नांगर फिरवला गेला, आणि पावसाआधी देशी पाणवनस्पती लावल्या गेल्या. लावणीत धिवर बायका पुढे होत्या. मासे परत आले, पक्षीही आले.

तलावात नांगर! अभियंता म्हणून आम्ही तलावाकडे घनमीटर म्हणून बघतो: किती साठलं, किती गळलं, किती उडून गेलं. तळाला काय उगवतं हा आमच्या तक्त्यात रकानाच नाही. सेकीची तबकडी सोडणारे मिनेसोटाचे लोक आणि चिखलात वनस्पती रोवणाऱ्या अर्जुनी मोरगावच्या बायका एकाच कामावर आहेत. फरक इतकाच, की तिथं तलाव बिघडला तर सुट्टी बिघडते, इथं चूल.

आता आपल्या अभ्यासगटाच्या कामाविषयी. तामसी भागात मोठे जुने तलाव नसले तरी कुंटे आहेत, लहान तळी आहेत, बुजलेल्या पाळी आहेत. त्यांची माहिती काढायची तर सर्वांत भरवशाचा कागद म्हणजे १९५४-५५ची खासरा पहाणी. हैदराबाद राज्यात झालेली ही गावोगावची नोंद तेलंगणात अजूनही जमिनीच्या दाव्यांत पाया मानली जाते. तिच्यात तलावाच्या पोटातली जमीन ‘शिकम’ म्हणून येते. पहिली गोष्ट, गावाच्या पहाणीत शिकम म्हणून किती गट नंबर आहेत ते काढायचे आणि आज तिथं काय आहे ते पायी जाऊन बघायचं. काही ठिकाणी कापूस दिसेल, काही ठिकाणी प्लॉट. दुसरी, इनामाच्या रकान्यात पाण्याच्या कामाबद्दल दिलेला तुकडा दिसतो का ते बघायचं. तिसरी गोष्ट कागदात मिळणार नाही. ज्या घरांना गावात अजून नीरडीचं घर म्हणतात, तिथल्या सत्तरीपुढच्या माणसांशी बोलायला हवं: पाळी कशी लावत, रात्री पाळेवर कोण जायचं, धान्य किती पायल्या मिळायचं, कोण द्यायला टाळाटाळ करायचं. मराठीत विचारा, तेलुगूत विचारा, गोंडीत विचारता आलं तर उत्तम. घरातल्या बायकांना वेगळं विचारा, कारण गाळाच्या पाट्या त्यांनीच वाहिल्या आहेत. आणि हे येत्या एक-दोन उन्हाळ्यांतच करायला हवं. सांगणारी माणसं थोडी राहिली आहेत.